दुर्मिळ आडनावाचा माग: घरच्या पेटीपासून मतदारयादीपर्यंत

आडनाव फारसं कुणाचं नसलं की माणूस आधी शब्दकोश उघडतो, मग इंटरनेट धुंडाळतो आणि तासाभरात ‘आमचं मूळ’ म्हणून एक छानशी गोष्ट घेऊन उठतो. ही गोष्ट पुढे कुटुंबाच्या ग्रुपवर जाते, तिथून एखाद्या स्मरणिकेत छापली जाते आणि मग तीच पुरावा म्हणून दाखवली जाते. चूक एकच असते. शोध शेवटच्या टोकापासून सुरू झालेला असतो. अर्थ शेवटी लावायचा असतो. आधी माणूस, मग गाव, मग शब्द.

खाली दिलेला क्रम मुद्दाम तसा आहे. मधला टप्पा गाळून पुढे गेलात तर बहुतेक वेळा दुसऱ्याच्याच घराण्याची वंशावळ स्वतःची म्हणून लिहून बसाल.

सुरुवातीआधी: तीन प्रश्न वेगळे करा

वहीच्या पहिल्या पानावर हे तीन प्रश्न लिहून ठेवा.

१. हा शब्द कसा तयार झाला?
२. माझं घराणं कुठून आलं?
३. आज हे आडनाव कुठे आणि साधारण किती घरांत आहे?

तिन्हींची उत्तरं वेगवेगळी निघू शकतात. विंचूरकर हे आडनाव घ्या. शब्द नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातल्या विंचूरकडे बोट दाखवतो. पण पेशवाईतलं प्रसिद्ध विंचूरकर घराणं मूळचं विंचूरचं नाही. सरदार विठ्ठल शिवदेव यांचं मूळ आडनाव दाणी, घर सासवडकडचं. विंचूर त्यांना जहागिरीत मिळालं आणि जहागिरीचं गाव आडनाव होऊन बसलं. उलट, विंचूर सोडून दुसरीकडे पोट भरायला गेलेलं कुठलंही कुटुंब नव्या गावात विंचूरकर म्हणून ओळखलं जाऊ शकतं, आणि त्याचा या सरदारांशी काडीचाही संबंध नसतो. शब्द एक, वाटा दोन. तुमची कोणती, हे शब्दकोश सांगणार नाही.

सामान थोडंच लागतं: वही, मोबाईलचा कॅमेरा, भिंग आणि नोंदींसाठी एक साधा तक्ता. तक्त्यात प्रत्येक नोंदीपुढे ‘कुठून मिळाली’ हा रकाना हवाच. ‘काकांनी सांगितलं’ असंही लिहा, पण लिहा.

टप्पा १: घरातली माणसं आणि घरातली पेटी

म्हाताऱ्या माणसांना ‘आपण मूळचे कुठले?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ठरलेलं असतं: कोकणातून आलो, राजस्थानातून आलो, तिघे भाऊ होते, एक इथे राहिला. त्यातलं काही खरं असेलही, पण त्यावरून पुढे जाता येत नाही. त्याऐवजी असे प्रश्न विचारा:

– सुतक कुणाकुणाचं धरतो? कुठल्या गावातून निरोप आला की आंघोळ करावी लागते?
– कुलदैवताला कुठे जातो, आणि तिथे उतरतो कुणाकडे? पुजारी, गुरव, उपाध्ये यांचं घर कोणतं?
– लग्नाची पहिली पत्रिका कुठल्या देवाला ठेवतो?
– कुठल्या आडनावाशी सोयरीक होत नाही, आणि का?
– आजीचं माहेर कुठलं? पणजीचं?

यातला सुतकाचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. जमीन विकली, गाव सुटलं, बोलणं बंद झालं, तरी सुतक पिढ्यान्‌पिढ्या धरलं जातं. कुणाचं सुतक येतं याची यादी म्हणजे भाऊबंदांची तयार यादी.

मग पेटी. खरेदीखतं, गहाणखतं, जुन्या लग्नपत्रिका, पोथीच्या शेवटच्या पानावर लिहिलेल्या जन्मवेळा, देवळातल्या देणगीच्या पावत्या, मनीऑर्डरची कूपनं. भांड्यांवरची नावंसुद्धा बघा. तांब्याच्या हंड्यावर कोरलेलं नाव अनेकदा घरातल्या कुठल्याही कागदाहून जुनं निघतं आणि त्यात गावाचं नावही असतं.

*तपासा:* निदान आजोबांपर्यंत प्रत्येक पिढीचं पूर्ण नाव, गाव आणि अंदाजे जन्मसाल हाती आलं का? नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: शाळेचं रजिस्टर आणि कोतवाल बुक

शाळा सोडल्याचा दाखला घरात असतो, पण तो नक्कल असतो. मूळ नोंद शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये. आजोबा ज्या शाळेत पहिलीला गेले तिथे अर्ज करून उतारा मागा. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांत ही रजिस्टरं अजून कपाटात असतात, कधी वाळवी लागलेली, पण असतात.

उतारा मिळाल्यावर जन्मतारखेवर लगेच विसंबू नका. १ जून दिसली तर ती बहुधा गुरुजींनी घातलेली आहे; त्या पिढीत अर्धं गाव १ जूनला जन्मलेलं असतं. लक्ष द्यायचं ते आडनावाच्या रकान्याकडे आणि जन्मठिकाणाकडे. कारण कित्येक घरांत आजचं आडनाव शाळेच्या रजिस्टरातच पहिल्यांदा उमटलेलं आहे. सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. घराण्याचं आडनाव सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत नाव दाखल झालं ते भिवा रामजी आंबेडकर. आंबेडकर या शब्दावरून थेट मागे जाणाऱ्याला सकपाळ कधीच सापडले नसते.

दुसरा कागद गाव नमुना नंबर १४, म्हणजेच कोतवाल बुक. गावातले जन्म-मृत्यू त्यात नोंदलेले असतात. जुनी बुकं बहुतेक तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. अर्जावर गावाचं नाव, अंदाजे सालांचा टप्पा आणि नमुना क्रमांक स्पष्ट लिहा. ‘आमच्या पूर्वजांची माहिती मिळावी’ असा अर्ज केलात तर ‘माहिती आढळून येत नाही’ असंच उत्तर येईल, आणि त्यात कारकुनाची चूक नसते.

*सावध:* कोतवाल बुकात बऱ्याचदा आडनावच नसतं. बाप, आजा, जात आणि गाव एवढ्यावरच माणूस ओळखायचा असतो. तीन नावांची साखळी जुळली तरच नोंद आपली माना. नुसतं ‘गणपत’ जुळून उपयोग नाही.

टप्पा ३: जमिनीचे कागद

सगळ्यात जास्त उलगडा होतो तो इथे, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच.

आजचा सातबारा ऑनलाइन दिसतो, पण तो आपल्या कामाचा नाही. आपल्याला हवे आहेत जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरचं नाव बदललं की होणाऱ्या नोंदी, गाव नमुना ६. शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर अनेक जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून ठेवलेले आहेत. नसतील तर पुन्हा तहसीलचा अभिलेख कक्ष.

क्रम असा ठेवा: आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर बघा. त्यावरून गटवारीपूर्वीचा, म्हणजे जमिनींचे गट पाडण्याआधीचा, सर्व्हे नंबर काढा. त्या सर्व्हे नंबरच्या जुन्या सातबाऱ्यावर गोलात लिहिलेले फेरफार क्रमांक उतरवून घ्या. मग एकेक फेरफार नव्याकडून जुन्याकडे वाचत जा.

त्यातही वारस नोंदी शोधा. ‘खातेदार मयत, वारस मुलगे अमुक, तमुक, मुलगी अमुक’ अशी एक नोंद म्हणजे एक आख्खी पिढी, तारखेसह. मुलींची नावं वारसांत नसतील तर ‘इतर हक्क’ रकाना बघा. तिथे त्या सासरच्या आडनावांनी सापडतात आणि सोयरे कुठल्या गावचे, हे कळतं.

आडनाव बदललं तेव्हाची खूणही इथेच मिळते. जुन्या फेरफारात एक आडनाव, पुढच्यात ‘ऊर्फ’ लावून दोन, आणि त्यापुढच्यात फक्त दुसरं. अशी ‘ऊर्फ’वाली नोंद सापडली तर तिची साक्षांकित नक्कल काढून जपून ठेवा.

आता चुका. फेरफारात नावाच्या पुढे-मागे जी छोटी अक्षरं असतात ती लोक नावातच धरतात. ही यादी जवळ ठेवा:

– बिन, वलद: अमुकचा मुलगा
– कोम, जौजे, भ्र.: अमुकची बायको (भ्र. म्हणजे भ्रतार)
– अ.पा.क.: अज्ञान पालनकर्ता, वारस लहान होता, पुढचं नाव सांभाळणाऱ्याचं
– ए.कु.मॅ.: एकत्र कुटुंब मॅनेजर, जमीन एकट्याची नाही, भावांचीही आहे

अ.पा.क. न कळल्यामुळे मामाला बाप ठरवलेल्या वंशावळी मी बघितल्या आहेत. एकदा मामा बाप झाला की आडनावही मामाकडचं होतं, आणि पुढचा सगळा शोध दुसऱ्याच गावात जातो.

मराठवाड्यात निजामकाळचे कागद उर्दूत आणि फसली, म्हणजे महसुली, सनात असतात. विदर्भ आधी मध्य प्रांताकडे आणि मग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाकडे होता, त्यामुळे तिथली दप्तरांची नावं आणि पद्धत वेगळी. पश्चिम महाराष्ट्राचा अनुभव घेऊन तिकडे गेलात तर गोंधळाल. तिथल्याच तलाठ्याला विचारा.

टप्पा ४: गाव पक्कं करा

‘कर’ने संपणाऱ्या आडनावाबद्दल एक साधी गोष्ट लोक विसरतात. गावात राहणाऱ्याला त्याच गावाच्या नावाने कुणी हाक मारत नाही. पेणमध्ये सगळेच पेणचे, तिथे पेणकर म्हणून कुणाला ओळखणार? आडनावात राहतं ते सोडलेलं गाव, नाहीतर वतन-जहागिरीचं गाव. म्हणून त्या गावात जाऊन ‘इथे आमच्या आडनावाची घरं किती?’ असं विचारलंत आणि एकही नाही म्हणाले, तर निराश होऊ नका. तसंच असायला हवं.

खरी अडचण एकाच नावाच्या अनेक गावांची. वडगाव, पिंपळगाव, सावरगाव ही तर डझनांनी आहेत. पण विंचूरसारखं वेगळं वाटणारं नावही एकटं नाही, सिन्नर तालुक्यात विंचूर दळवी आहे. कोणतं आपलं, हे टप्पा १ मधल्या कुलदैवतावरून आणि सोयऱ्यांच्या गावांवरून ठरतं. जुन्या सोयरिकी सहसा एक-दोन दिवसांच्या चालीत होत.

गाव नकाशावर सापडतच नसेल तर तीन शक्यता तपासा.

पहिली, ते गाव नसून वाडी आहे. वाड्या बहुधा महसुली गावांच्या यादीत येत नाहीत. आंग्रे हे आडनाव आंगरवाडीवरून आलं, घराण्याचं आधीचं आडनाव संकपाळ.

दुसरी, गाव पाण्याखाली गेलं. मुळशी, कोयना, उजनी, जायकवाडी या धरणांत गेलेल्या गावांची नावं आता पुनर्वसित वसाहतींना आहेत, आणि त्या मूळ जागेपासून लांब आहेत.

तिसरी, तुम्ही चुकीच्या जिल्ह्यात शोधताय. ‘जिल्हा कुलाबा’ म्हणजे आजचा रायगड. ‘दक्षिण सातारा’ म्हणजे सांगली. ‘पूर्व खानदेश’ म्हणजे जळगाव. १९८१ पूर्वीचं रत्नागिरी म्हटलं की त्यात सिंधुदुर्गही आला, आणि २०१४ पूर्वीच्या ठाण्यात पालघर.

*तपासा:* गावाचं नाव, तालुका, जुना जिल्हा आणि आजचा जिल्हा, चारही लिहिले का?

टप्पा ५: आता शब्दाकडे वळा

इथवर आलात की तुमच्याकडे निदान तीन-चार पिढ्या आणि एक गाव आहे. आता आडनावाचा प्रकार ठरवता येईल.

हुद्द्यावरून आलेली आडनावं फसवी असतात. पारसनीस म्हणजे फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा. हे काम प्रत्येक मोठ्या दरबाराला लागायचं. म्हणजे आडनाव विरळा असलं तरी त्याची मुळं अनेक. साताऱ्याचे पारसनीस आणि दुसऱ्या संस्थानातले पारसनीस हे भाऊबंद असतीलच असं नाही. जातही एक असेल असं नाही. चिटणीस, पोतनीस, कारखानीस, डबीर यांनाही हेच लागू. अशा वेळी विचारायचा प्रश्न ‘पारसनीस कुठले?’ हा नसून ‘कुणाच्या पदरी?’ हा असतो. आणि लगेच दुसरा: हुद्दा मिळण्याआधी हे घर कोणतं आडनाव लावत होतं?

हा दुसरा प्रश्न जहागीरदार घराण्यांत हमखास विचारावा. डफळे डफळापूरचे, पण मूळ चव्हाण. फलटणचे निंबाळकर निंबळकचे, पण मूळ पवार. रास्ते मूळ गोखले. गोविंदपंत बुंदेले मूळ खेर. बुंदेलखंडातल्या कामगिरीमुळे बुंदेले. आडनावाच्या पोटात दुसरं आडनाव असतं. ते सापडलं की शोध तिथून पुढे त्या दुसऱ्या आडनावाने करायचा. लोक पहिल्याच आडनावाला चिकटून राहतात आणि अठराव्या शतकाच्या मागे काहीच मिळत नाही म्हणून थांबतात.

टोपणनावावरून आलेल्या आडनावांना नेहमी एक गोष्ट जोडलेली असते: पूर्वजाने अमुक पराक्रम केला, राजाने खूश होऊन तमुक म्हटलं. गोष्ट लिहून घ्या, पण तिला पुरावा म्हणू नका. नियम सोपा ठेवा. आडनाव ज्या काळात पडलं असं गोष्ट सांगते, त्या काळाच्या आधीच्या कागदात जुनं आडनाव आणि नंतरच्या कागदात नवं दिसलं, तरच गोष्टीला वजन. ती खरी वाटते म्हणून नाही.

*सावध:* ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकावर डोलारा उभारू नका. ‘आम्ही विंचुरकर, ते विंचूरकर, आमचं मूळ वेगळं’ असे वाद होतात. मोडी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत आणि अनुस्वार सर्रास गाळत. मोडी कागदात हे आडनाव ‘विचुरकर’ असंही दिसेल. आजचं शुद्धलेखन म्हणजे बहुधा कुठल्या तरी गुरुजींची किंवा कारकुनाची निवड.

टप्पा ६: मोडी दप्तर, घाई न करता

पुण्याचं पुराभिलेखागार, म्हणजेच पेशवे दप्तर, भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, कोल्हापूरचं पुराभिलेखागार, मुंबईचं राज्य अभिलेखागार: ही नावं सगळ्यांना माहीत असतात, आणि लोक पहिल्याच दिवशी तिथे जाऊन उभे राहतात. तिथे आडनावांची सूची नसते. रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, लावलेले असतात ते गाव, परगणा, खातं आणि साल यांनुसार. तुमच्याकडे गाव आणि काळ नसेल तर कर्मचारी काय काढून देणार?

आधी छापील साधनं चाळा. गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात संपादित केलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड आणि वि. का. राजवाड्यांनी प्रसिद्ध केलेले मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड यांत आपलं गाव किंवा आडनाव आलं आहे का, ते बघा. मग मूळ कागद. इनाम, वतन, वर्षासन अशा कशाशी घराण्याचा संबंध असेल तरच दप्तरात काही मिळण्याची आशा. साध्या कुळाच्या घराला तिथे फारसं मिळत नाही. त्यांच्यासाठी टप्पा ३ आणि टप्पा ७ जास्त कामाचे.

मोडी स्वतः शिका. मूलभूत वाचन थोड्या महिन्यांत येतं. पुराभिलेख विभागाचे आणि भारत इतिहास संशोधक मंडळाचे वर्ग असतात. लिप्यंतर करून घ्यायचं असेल तर पूर्ण कागदाचं घ्या, ‘आमच्या नावापुरतं’ नको. नाव कुठल्या संदर्भात आलं, वतनदार म्हणून की साक्षीदार म्हणून, हे पूर्ण कागदावरूनच कळतं.

सन बदलताना सगळ्यात मोठे घोटाळे होतात. शकात ७८ मिळवायचे. फसलीत ५९० किंवा ५९१. पेशवाईच्या कागदात मात्र शुहूर सन (त्या काळची एक कालगणना) अरबी अंकशब्दांत असतो, तोही एककापासून: ‘सन सलास सितैन मया व अलफ’. सलास ३, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. झाले ११६३. त्यात जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि पुढच्या महिन्यांसाठी ६०० मिळवा: १७६२-६३. हाच आकडा कुणी हिजरी समजून कोष्टकात बघितला तर १७५० येतं. म्हणजे पानिपतानंतरचा कागद पानिपताच्या आधी जातो, आणि वंशावळीत मुलगा बापाच्या आधी वतन भोगायला लागतो.

टप्पा ७: वह्या, हेळवी आणि कुलवृत्तांत

त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार इथल्या तीर्थपुरोहितांकडे यजमानांच्या वह्या असतात. तिथेही पहिला प्रश्न असतो ‘गाव कोणतं?’ आडनाव नंतर. तुमच्या गावाची वही ज्या घराकडे आहे त्याच घराकडे नोंद मिळणार, म्हणून टप्पा ४ आधी. आजोबांचं, पणजोबांचं नाव, जात आणि उपनाव सांगा. जुनी नोंद मिळाली तर ती पूर्वजाच्याच हातची आहे, की वही जीर्ण झाल्यावर नंतर उतरवलेली, हे जरूर विचारा. हरिद्वारच्या कित्येक वह्यांची सूक्ष्मचित्रणं अमेरिकेतल्या यूटाच्या वंशावळी संस्थेनेही केलेली आहेत. फोटो काढण्याआधी परवानगी घ्या, दक्षिणा द्या आणि आपली नवी नोंद करून या. पुढच्यांना तीच उपयोगी पडते.

कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या पट्ट्यात हेळवी येतात. पूर्वी बैलावरून यायचे. घराण्याची पिढीनामावली, मूळ गाव, देव हे सगळं ते वाचून दाखवतात. गावात चौकशी केली तर शेवटचे कधी आले होते, ते कळतं. त्यांचं वाचन मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा आणि नावं त्यांच्यासमोरच लिहून तपासून घ्या. खानदेश-विदर्भात काही समाजांत हेच काम भाट करतात.

कुलवृत्तांताबद्दल, म्हणजे घराण्याच्या छापील वंशावळीच्या पुस्तकाबद्दल, थोडं कडक बोलायला हवं. छापलेला आहे म्हणून तो शेवटचा शब्द नव्हे. अलीकडच्या चार-पाच पिढ्या बहुतेक विश्वासार्ह असतात, कारण त्या जिवंत माणसांना पत्रं पाठवून गोळा केलेल्या असतात. वरची टोकं बऱ्याचदा अंदाजाने जोडलेली असतात. जिथे सलग तीन-चार पिढ्या एकेकच मुलगा दाखवला आहे आणि तारीख एकही नाही, तिथे पेन्सिलने प्रश्नचिन्ह करा. बायकांची नावं गाळलेली असतील तर ती टप्पा १ मधल्या उत्तरांतून भरा.

गोव्याशी संबंध असेल तर कुलदेवतेच्या देवस्थानाच्या महाजनांची, म्हणजे वंशपरंपरागत हक्कदारांची, यादी बघायला विसरू नका. तिथे आडनाव आणि मूळ गाव दोन्ही सापडतात.

टप्पा ८: आज हे आडनाव किती घरांत आहे?

आधी एक गैरसमज दूर करू. भारताची जनगणना आडनावनिहाय आकडे प्रसिद्ध करत नाही, आणि व्यक्तीची माहिती कायद्याने गोपनीय असते. त्यामुळे ‘तुमच्या आडनावाचे जगात इतके लोक’ असं सांगणारी संकेतस्थळं अंदाज सांगत असतात. जाधव-पाटलांसाठी तो अंदाज ठीक, पण विरळा आडनावासाठी एखाद्या शहराचा नमुना इकडचा तिकडे झाला की आकडा कितीही पटींनी हलतो.

हाताशी असलेलं खरं साधन म्हणजे मतदारयादी. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ती भागनिहाय मिळते. फाइलमधल्या मराठी मजकुरावर शोध बऱ्याचदा चालत नाही, म्हणून आख्खा जिल्हा घेऊन बसू नका. मूळ गाव, तालुक्याचं ठिकाण, आणि घरच्यांनी सांगितलेली स्थलांतराची शहरं, एवढेच भाग वाचा.

मोजणी माणसांची नको, घरांची करा. कारण यादीत लग्न होऊन आलेल्या सुना आडनावात मोजल्या जातात आणि लग्न होऊन गेलेल्या मुली दिसत नाहीत. १८ वर्षांखालचे नसतात. मयतांची नावं राहून गेलेली असतात. घर क्रमांक आणि बाप-नवऱ्याचं नाव जुळवून घर ठरवा. तक्त्यात गाव, घरं, आणि घरातल्या सगळ्यात थोरल्या पुरुषाचं वडिलांचं नाव एवढे तीन रकाने पुरतात. हे शेवटचं नाव पुढच्या टप्प्यात लागेल.

इंग्रजी स्पेलिंगचे सगळे प्रकार आधीच लिहून ठेवा. बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगावकडच्या कागदांत एकच आडनाव वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेलं असतं. तंजावरकडे गेलेल्या घरांनी तर आडनाव सोडून आद्याक्षरं लावली. तिथे आडनावाने शोधून काही हाती लागत नाही.

आडनाव बदलून घेतलेले लोक राजपत्रात सापडतात. नावबदलाच्या जाहिरातीत जुनं आणि नवं दोन्ही नाव असतं.

टप्पा ९: दोन घरं एकाच मुळाची आहेत का?

आडनाव एक म्हणून नातं मानणं ही या सगळ्या उद्योगातली सगळ्यात महाग चूक. पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर, अष्टमकर ही आडनावं रायगडच्या बेने इस्राएल ज्यूंची. आज ती इस्रायलमध्येही आहेत. दिवेकर हे आडनाव त्यांच्यात आहे आणि चित्पावनांतही. दोघांचं एखादं गाव सामायिक असेल, रक्त नव्हे.

तपासणी या क्रमाने करा:

१. दोन्ही घरं एकमेकांचं सुतक धरतात किंवा धरत होती का?
२. दोघांत कधी सोयरीक झाली आहे का? झाली असेल तर ती भावकी मानली गेलेली नाही.
३. गोत्र किंवा देवक जुळतं का? एकटं कुलदैवत पुरेसं नाही. जेजुरीचा खंडोबा आणि तुळजापूरची भवानी निम्म्या महाराष्ट्राची आहेत. गावाबाहेर कुणाला माहीत नसलेली देवी जुळली तर मात्र कान टवकारा.
४. एखाद्या फेरफारात, वाटणीपत्रात किंवा वहीत दोन्ही शाखांचे पूर्वज एकत्र आले आहेत का?

चौथ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर बाकीचे तीन फक्त दुजोरा देतात. चौथं ‘नाही’, पण पहिलं आणि तिसरं ‘हो’ आणि सोयरीक कधीच झालेली नाही, तर ‘बहुधा’ असं लिहा. बापाकडच्या वंशाची जनुकीय चाचणी करून घेणारे हल्ली आहेत, पण वतनदार घराण्यांत दत्तक इतके झाले आहेत की चाचणी जुळली नाही म्हणून घराणं वेगळं ठरत नाही.

टप्पा १०: लिहून काढताना

प्रत्येक पिढीपुढे तीनपैकी एक खूण करा: कागद आहे, सांगोवांगी आहे, अंदाज आहे. तिन्हींची शाई वेगळी ठेवा. छापताना वेगळा टाइप वापरा. वंशवृक्षाचा फोटो ग्रुपवर टाकलात की पहिल्यांदा हीच खूण कापली जाते, म्हणून ती नावालाच जोडून लिहा, तळटीपेत नको.

हयात माणसांच्या जन्मतारखा, पत्ते, आधार किंवा गट क्रमांक जाहीर प्रतीत घालू नका. त्यांची एक प्रत घरात वेगळी ठेवा. आणि जुन्या फेरफारात एखाद्या शाखेची हिश्श्यावरून तक्रार दिसली, तर ती नक्कल सगळ्यांना पाठवण्याआधी त्या शाखेतल्या थोरल्याशी एकदा बोलून घ्या.